जास्तीची खुंटी

खोलीचं दार आत उघडतं, हीच मुळात गोची. कॉम्प्युटरची नवी पत्र्याची पेटी दारालाच टेकून आडवी, मागे जुनी, आणि मधल्या फटीत मांडी घालून बारक्या. दार उघडायचं तर सगळं उचलायला हवं. उचलायचं तर आधी जोडायला हवं. आणि जोडलेलं काही केल्या चालू होईना.

बटण दाबलं. पंखा थरथरला, अर्धी गिरकी घेतली आणि मान टाकली.

"झालं का रे?" दारापलीकडून ताई.

"होतंय."

"सकाळपासून होतंयच! पाच वाजता परीक्षा माझी आहे, तुझी नाही."

ते काय त्याला माहीत नव्हतं? नकाशे काढायच्या नोकरीची शेवटची परीक्षा. कॅमेऱ्यासमोर बसून, बोलत बोलत काढून दाखवायचं. कंपनीने परीक्षेचं सॉफ्टवेअर याच मशीनवर बसवून दिलेलं, दुसऱ्यावर ते उघडणारच नाही. पास झाली तर ताई दुसऱ्या शहरात. नाहीतर आहेच अप्पांच्या दुकानात बसून शर्टांची काजं करणं.

जुन्या पेटीचा पत्रा इतका खडखडायचा की ताई एकदा म्हणाली, "समोरच्यांना वाटेल मी खडी फोडायला बसलेय." एवढंच. सांगितलं कुणीच नव्हतं. पण बारक्याचे हात शिवशिवले; नवी पेटी आणली आणि जुनीतले सगळे भाग तिच्यात हलवायला बसला. व्हिडिओ बघून सगळं शिकलेला गडी. व्हिडिओतला माणूस हसत हसत जोडतो, आणि लगेच चालू होतं. त्याच्या दारात कुणी उभं नसतं.

बारक्याने प्लग काढला. मेमरीची पट्टी उपसली, खोडरबरने पुसली, परत दाबली. बटणाच्या वायरी उलटसुलट करून पाहिल्या. अर्धी गिरकी. गप्प.

"पट्टा सैल असेल!" हे अप्पा, दोघांचे वडील. शिलाई मशीनचे मिस्त्री. पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान.

"याला पट्टा नसतो, अप्पा."

"पट्टा नाही तर फिरतं कसं?"

"फिरत नाहीये म्हणून तर बसलोय!"

"माझ्यावर काय खेकसतोस? काही उरलंय का ते बघ आधी."

घरातला कायदाच होता तो. मशीन खोलायचं, सगळे भाग ताटात ठेवायचे, जोडून झाल्यावर ताट रिकामं पाहिजे. एक वॉशर जरी उरला तरी अप्पा सगळं पुन्हा खोलायला लावायचे. रडलास तरी.

"काही उरलं नाही!" बारक्या ओरडला. आणि खरंच, ताट चाटून पुसल्यासारखं स्वच्छ होतं.

"मग चालू व्हायला हवं," अप्पा म्हणाले, जणू चूक कॉम्प्युटरचीच.

खोलीत हवा उरली नव्हती. पाठ भिंतीला, गुडघे पत्र्याला. शेवटी त्याने मदरबोर्डच बाहेर काढला, पुठ्ठ्यावर ठेवला, लागतील तेवढ्या वायरी जोडल्या आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बटणाच्या दोन पिनांना टेकवलं.

पंखा फिरला. फिरतच राहिला.

पेटीबाहेर जिवंत, पेटीत मेलेला. म्हणजे जे काय आहे ते पेटीतच. त्याने मोबाईलचा उजेड आत मारला. तळाच्या पत्र्यावर पितळी खुंट्या. त्यांच्यावर बोर्ड बसतो, पत्र्याला न शिवता. बोर्डाला भोकं आठ. खुंट्या नऊ.

नववी त्यानेच लावलेली. पुडीत एक जास्त निघाली, ताटात नुसतीच पडून राहिली, त्याला बघवेना. पत्र्यावर एक मोकळी जागा दिसली, दिली पिळून. आता ती बोर्डाच्या पोटात खुपसून बसली होती आणि सगळा करंट पत्र्यात उतरत होता.

बारक्या त्या खुंटीकडे बघत राहिला. ही तशीच ठेवली तर? कुणाला कळणार? बोर्ड जळाला म्हणायचं. ताई दोन दिवस बोलणार नाही, मग बोलेल. आणि ती कुठे जाणार नाही, तो एकटाच या घरात अप्पांच्या ताटासमोर बसणार नाही.

"बारक्या," दाराला तोंड लावून ताई. आवाज एकदम बारीक. "नसेल होत तर तसं सांग. मी कळवते त्यांना. तू रडू नकोस."

"रडतोय कोण!" त्याने नाक ओढलं आणि पक्कड घेतली.

बोर्ड आत बसवला, आठ स्क्रू पिळले. पडद्यावर ताईचे नकाशे आले. आवाज? कान लावावा लागत होता. त्याने पेटी उचलून टेबलावर ठेवली आणि कितीतरी वेळाने दार उघडलं.

ताई आत घुसली, जाता जाता त्याच्या डोक्यात टपली मारली. "दार लाव."

त्याने बाहेरून लावलं. अप्पा उभेच होते.

"काही उरलं?"

बारक्याने मूठ उघडली. "एक."

अप्पांचा चेहरा पडला. "मग चालू कसं झालं?"

"उरली म्हणूनच झालं, अप्पा."

अप्पांनी खुंटी चिमटीत धरली, उजेडात फिरवली. पटलेलं काही दिसलं नाही. पण ते स्टुलावर बसले, सवयीने शिलाई मशीनच्या पायडलवर गेलेला पाय काढून घेतला, आणि दोघं दाराकडे कान देऊन राहिले.

"हो, येतंय ऐकू," आतून ताई कुणालातरी सांगत होती. "नाही, इथे मशीनचा काहीच आवाज नाही."