सवतीची साक्ष

राजुरीत कुशाबाई आणि सोनीबाई या दोघी सवती एकाच छपराखाली राहायच्या, पण मध्ये भिंत आणि चुली दोन. कुशाबाई थोरली. तिला मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने सोनीबाईला आणलं. तो वारला, सोनीबाईचा गोरख मोठा होऊन शेती बघायला लागला, तरी दोघींचं वैर निवलं नाही. थेट बोलायच्या ते फक्त भांडायला. एरवीचे निरोप गोरखची बायको हर्षाली पोचवायची.

अलीकडे गोरख चावडीवर सांगत सुटला होता, "थोरलीचं डोकं गेलंय." ते कुशाबाईच्या कानावर आलं. त्याच सुमारास पुण्याहून तेजस्विनी नावाची संशोधक गावात आली. म्हातारपणी मेंदूच्या देठातल्या एका लहानशा भागात काय बदल होतात, ते यंत्राने फोटो काढून बघायचं तिचं काम. कुशाबाईने लगेच नाव दिलं.

"फोटू काडून सगळ्यांच्या तोंडावर मारते," ती म्हणाली.

"आजी, सोबत एक माणूस लागेल. तुम्हाला रोज बघणारं. त्यांनाही आम्ही प्रश्न विचारतो."

हर्षालीचं बाळ अंगावरचं. गोरखला कुशाबाई नेणार नव्हती. राहिली सोनीबाई. तिने ऐकलं आणि तडक लुगडं बदलायला गेली. बोलायची अशी संधी ती सोडणार नव्हती.

पुण्याला जाताना गाडीत दोघी दोन खिडक्यांना बसल्या. मंचरला कांद्याच्या ट्रकांमागे गाडी अडकली तेव्हा कुशाबाई ड्रायव्हरला म्हणाली, "त्या बाईला काच लावाया सांग. धूर येतोय."

"तिला म्हनावं, नाक दाब," सोनीबाई म्हणाली.

दवाखान्यात यंत्रात जाण्याआधी अंगावरचं सगळं सोनंनाणं काढावं लागलं. कानातली बुगडी निघेना. सोनीबाईने हात पुढे केला तशी कुशाबाईने मान झटकली. "हिच्या हातात द्यायची न्हाई. परत मिळायची न्हाई." शेवटी नर्सने तेल लावून बुगडी काढली आणि तेजस्विनीने स्वतःजवळ ठेवली.

कुशाबाई आत गेल्यावर तेजस्विनीने सोनीबाईला बाजूच्या खोलीत बसवलं. "त्या विसरतात का?"

"इसरती? माज्या लग्नात मी कंचं लुगडं नेसले व्हते त्ये सुदिक तिला याद हाय. त्यावरनं आजून टोमणं मारती."

"मग काही बदल?"

सोनीबाई पदर सावरून बसली. याच प्रश्नाची ती वाट बघत होती. "लई बदल. पैलं मी हिकडं झाकण उचाललं तरी भितीपल्याडनं वरडायची. आता दूद उतू जातं, ही बगत बसती. मागल्या म्हैन्यात कुत्रं तिच्या घरात शिरलं, टोपल्यातली भाकर घेऊन गेलं. ही समोरच बसल्याली. हात उचलला न्हाई. मी शिवी घातली, तर वळून बगितलं बी न्हाई." सुरुवातीला तिचा आवाज चढला होता, तो हळूहळू खाली आला. "भर उन्हात घोंगडी घेती. गेल्या दिवाळीपास्नं असंच."

"घरात कुणाला सांगितलंत?"

"गोरखला. त्यो म्हनला, बरं झालं, घर शांत झालं."

कुशाबाई बाहेर आल्यावर तेजस्विनीने पडद्यावर फोटो दाखवला. मेंदूच्या देठात तांदळाच्या दाण्याएवढे दोन फिकट ठिपके. "हा भाग माणसाला जागं ठेवतो, सावध ठेवतो. वय वाढलं की बऱ्याच जणांचा मंद होत जातो."

"माजा इझला का?"

"एका माणसाचं यावरून सांगता येत नाही, आजी. शेकडो फोटो एकत्र बघावे लागतात. पण तुमच्या घरून जे कळलं, त्यासाठी डॉक्टर रक्त तपासा म्हणतायत."

रक्तात निघालं ते वेगळंच. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी नीट काम करत नव्हती. सुस्ती, थंडी, सगळं त्यातून. रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. श्रावण लागेपर्यंत कुशाबाई पहाटे उठून अंगण झाडायला लागली, आणि गोरखला पहिली हाक गेली ती विहिरीच्या मोटारीच्या पाळीवरून. गोरख वैतागला. हर्षालीसमोर म्हणाला, "आईनंच तिथं सगळं वकून ठेवलं. कुत्र्याचंबी सांगितलं. न्हायतर थोरली पडून राहिली आसती."

हर्षालीकडून ते भिंतीपलीकडे गेलं. कुशाबाई तशीच उठली आणि सोनीबाईच्या दारात येऊन उभी राहिली.

"सोने, भाईर ये. परक्या मान्सांत माजी अब्रू काडलीस?"

"इचारलं, सांगितलं."

"कुत्रं माज्या घरात शिरलं, आन तू हुबी राहून बगत व्हतीस? हाकलाया काय झालं व्हतं?"

सोनीबाई पीठ मळत होती. तिने हात झाडले. "हाकललं आसतं तर म्हनली आसतीस, माज्या उंबऱ्यात पाय का ठिवला."

"म्हनले आसतेच!"

"मग?"

कुशाबाई आणखीच चिडली. तिने कनवटीची गोळ्यांची पट्टी काढून अंगणात फेकली. "तुज्या उपकाराच्या गोळ्या मला नगं."

गोरख ओसरीवरून म्हणाला, "आसू दे, आई. नगं तर नगं."

सोनीबाई त्याच्यावर उसळली. "तू गप! तुला ती पडल्यालीच पायजे!" अंगणात जाऊन तिने पट्टी उचलली, पिठाच्या हातानेच कुशाबाईच्या पुढ्यात धरली. "खा न्हायतर मर. मला काय? तुजी भिंत पाडून कोंबड्या ठिवीन तितं."

कुशाबाईने पट्टी हिसकावली. सोनीबाईच्या रांजणातलं पाणी न विचारता घेतलं, गोळी तोंडात टाकली आणि तिच्याकडे बघत गिळली.

"कोंबड्या ठिवती," तोंड पुसत ती म्हणाली. "तुला पोचवल्याबिगर मी जात न्हाई."

तांब्या तिथेच आपटून ती आपल्या दारात शिरली आणि आतून कडी लावली.