सावळीरामचा धूर

"आजी, पिशवीत काय हाय?"

"गोवरी."

फाटकावरच्या हवालदार गांगुर्डेने पिशवी उघडली. खरंच गोवरी. वाळकी, एकच. खाली काड्यापेटी.

"इथं विमानांचा कार्यक्रम हाय आजी, होळी नाय." मागची रांग हसली.

"ठावं हाय मला," साळूबाई म्हणाली. "मैदानाच्या त्या टोकाला जरासा धूर करायचाय."

"धूर? माझी नोकरी घालवता का?" त्याने दोन्ही वस्तू टेबलाखाली सरकवल्या. "जाताना घेऊन जा."

"तरी मी म्हणलं हुतं, आत्या," सून अंजली पुटपुटली.

लष्कराच्या त्या ठाण्यात पहिल्या विमानांची आठवण साजरी होत होती, म्हणून आसपासच्या वस्त्यांना फाटक उघडलं होतं. एरवी तारेला हात लावला तरी शिट्टी वाजते. पूर्वी इथे नुसतं गवत होतं. तोफेचा गोळा कुठे पडला ते वरून बघणारी दोन माणसांची इवली विमानं त्या गवतावर उतरायची. वारा कुठून आहे ते वैमानिकाला कळावं म्हणून साळूबाईचा नवरा सावळीराम मैदानाच्या टोकाला गोवऱ्या पेटवून वर ओलं गवत टाकायचा. धूर झुकेल तसं विमान फिरायचं आणि उतरायचं.

साळूबाईचं घर तारेपलीकडे. दारातून माणूस दिसायचा नाही, धूर दिसायचा. तो चढला की ती भाकरी बांधायची.

पुढे सावळीरामची छाती भरली. बिडी सोडा, असं डॉक्टरने सांगितलं. त्या माणसाने जन्मात बिडी ओढली नव्हती. तो गेल्याला पंचवीसेक वर्षं झाली, पण सकाळी दार उघडलं की साळूबाईची मान अजून तिकडेच वळते.

मांडवात जुने फोटो लावले होते. टोप्या, गॉगल, मिशा, पंखाला टेकलेले साहेब. एका फोटोपाशी साळूबाई थांबली. गवतात विमान, आणि कडेला पांढरट काहीतरी.

"अंजे, ह्यो धूर त्यांचा."

"ढग असंल, आत्या."

"ढग जमिनीतून निघतो का गं?"

अंजलीने वाकून पाहिलं. धूर होताच. धुराखालचा माणूस चौकटीत आला नव्हता. त्याला चौकटीत घ्यावं असं कुणाला वाटलंच नसणार.

मग भाषण झालं. त्या काळी इथे काहीही नव्हतं, ठाण्याचे साहेब म्हणाले, फक्त गवत, वारा आणि आपल्या वैमानिकांची छाती. टाळ्या पडल्या. साळूबाईनेही वाजवल्या. ही गोष्ट सांगताना मला मात्र ते वाक्य अजून पचलेलं नाही. छाती आणखी एकाची होती, आणि ती याच मैदानावर जळाली.

शेवटी हेलिकॉप्टर आलं. एका जवानाने गवतात नळकांडं फेकलं आणि केशरी धूर उसळला. पोरं किंचाळली. अंजलीने सासूचा दंड धरला. "आत्या, बघा! धूर! झालं ना मनासारखं?"

साळूबाईने नाक वर करून वास घेतला. बराच वेळ घेतला.

"ह्यो न्हवं," ती म्हणाली. "चल."

फाटकावर गांगुर्डेने गोवरी परत दिली. काड्यापेटी देताना त्याने विचारलं, "पण कशाला आणली हुती, आजी?"

"आमचे ह्ये हितंच कामाला हुते. वारा दाखवायचे."

तिची चप्पल फाटकाच्या रुळात अडकली, तेव्हा गांगुर्डेने खाली बसून ती सोडवली.

घरी आल्यावर तिने पदर खोचला आणि तारेजवळ तीन दगड मांडले. गोवरी पेटवली, वर मूठभर ओलं गवत टाकलं. धूर आधी सरळ चढला, मग वळला आणि तारेवरून आत, मैदानाकडे गेला. पलीकडून शिट्टी वाजली. तिने मान वळवली नाही.

ती उंबऱ्यावर येऊन बसली.

"अंजे, धूर चढला बघ. भाकरी बांध."

"कुणाला..." अंजली म्हणाली आणि थांबली. आत जाऊन तिने दोन भाकरी तव्यावर ऊन केल्या, वर मिरचीचा ठेचा ठेवला, फडक्याला घट्ट गाठ मारली आणि ते गाठोडं सासूच्या मांडीवर आणून दिलं.

धूर विरेपर्यंत साळूबाईचा हात त्या गाठीवर होता. फडकं अजून ऊन होतं.