दारातला भोपळा

सुलक्षणाच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. यंदा हॅलोविनला पुढच्या बागेत भुतावळ उभी करायची म्हणजे करायचीच! नव्या फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलची थडगी कापली, जुन्या चादरींची भुतं करून चेरीच्या झाडाला टांगली, कापूस पिंजून कुंपणावर जाळी पसरली. भोपळा पोखरला आणि निघालेल्या गराचे घारगे तळले. नवरा पद्माकर हॉस्पिटलात ऑन-कॉल, त्यामुळे शिडीवरही तीच.

"आई, भूत किती भारी दिसतंय!" आठ वर्षांची तनया उड्या मारत होती.

घर लंडनजवळच्या स्लाऊमधलं, भाड्याचं. पण भाड्याचं आपलं नावाला. घरमालकीण नीना म्हणजे कॉलेजपासूनची जिवाभावाची मैत्रीण. सहा वर्षांत सुलक्षणाने भिंती रंगवल्या, गुलाब लावले, हॉलच्या कोपऱ्यात देवघर मांडलं. त्याच देवांसमोर नीना म्हणाली होती, "विकायचं झालंच तर हे घर तुझं. आधी तुझ्याच कानावर घालेन, देवाशपथ." त्या शब्दावर विसंबून नवराबायकोने दुसरं घर कधी बघितलंसुद्धा नाही.

दुपारी एक व्हॅन थांबली. एका माणसाने कुंपणाशी खांब ठोकला, त्यावर 'फॉर सेल'चा बोर्ड लावला आणि हात हलवून निघून गेला. सुलक्षणा शिडीवरून बघत राहिली आणि खुदकन हसली. भुतांचं घर विकाऊ! पद्माकरला एवढं सुचतं? तिने मोठ्या हौसेने स्वतःच्या हातांनी त्या बोर्डावर रबरी कोळी लटकवला.

अंधार पडला तशी तिने भोपळ्यात मेणबत्ती लावली. भोपळा पेटलेला असला की पोरांनी दार वाजवायचं, विझलेला असला की मुकाट्याने पुढच्या घरी जायचं, अशी इथली रीत. पोरं किंचाळत येत होती, चॉकलेटं घेऊन पळत होती. नातवाला घेऊन शेजारची लिंडा आली आणि तिने सुलक्षणाचा हातच धरला. तुम्ही जाणार म्हणून फार वाईट वाटलं, म्हणाली. ऑनलाइन फोटो पाहिले, तो छोटासा टेंपल कॉर्नर किती गोड!

सुलक्षणाने फोन काढून शोधलं. हेच घर होतं. तिचे पडदे, तिचा आकाशकंदील, तिचं देवघर, त्यात तेवणारं तिचं निरांजन. गेल्याच आठवड्यात नीना फराळाला आली होती. "काय सुंदर लावलंयस गं! नागपूरला आईला दाखवते," म्हणत तिने एकेका खोलीत शिरून फोटो काढले होते. शिवाय निघताना चकल्या डब्यात भरून नेल्या होत्या. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळी झाली असती. पण ही तर नीना होती.

तेवढ्यात नीनाच आली. सोबत तिचा छोटा अनय, सांगाड्याच्या वेशात. बोर्ड पाहून ती जराशी थबकली.

"अगं, मी सांगणारच होते! बोर्ड सोमवारी लाव म्हटलं होतं त्या मेल्या एजंटला."

"आम्हाला विचारायचं तरी, नीना. शब्द दिला होतास."

"मैत्रीत व्यवहार नको, असं रघुवीर म्हणाला. नवऱ्यापुढे माझं काय चालतं? आणि तुझ्याशी घासाघीस मी कोणत्या तोंडाने करणार? उलट तुला वाईट वाटू नये म्हणूनच गप्प बसले." मग तिने बागेवरून नजर फिरवली. "बरं ऐक ना, रविवारी लोक घर बघायला येतायत. तेवढी ही भुताटकी काढून ठेवशील? देवघर मात्र राहू दे हं. फोटोत इतकं छान आलंय!"

सुलक्षणाला रडू फुटत होतं आणि नीनासमोर तिला रडायचं नव्हतं. अनयने चॉकलेटांसाठी बादली पुढे केली. पोराचा काय दोष? तिने दोन्ही हातांनी चॉकलेटं घातली, वर कागदात गुंडाळलेला घारगाही दिला. मग ती खाली वाकली आणि फुंकर मारून तिने भोपळ्यातली मेणबत्ती विझवली.

"अगं, हे काय? पोरं येतायत अजून!" नीना म्हणाली.

"पोरांसाठी नाही विझवली," सुलक्षणा म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.