कुंताबाईचं बोट

मी रुपाली. आमच्या मच्छीमार सोसायटीत कॉम्प्युटर मीच पाहते, म्हनून शिव्याबी मलेच बसतात.

मूल तालुक्यातल्या आमच्या तलावावर मासोळी तोलाची एक रीत आहे. काटा कॉम्प्युटरले जोडला आहे; टोपली काट्यावर ठेवली का मासोळ्या तडफडतात अन् पडद्यावरचा आकडा नाचते. पयले व्यापाऱ्याचा मानूस आकडा खाली आला का “झालं!” म्हनून ओरडे. त्यावरून डोकी फुटली. तेवापासून ठरलं, व्यापारी टोपलीवरचा हात सोडन अन् ज्याची मासोळी तोच कीबोर्डाचं बटन दाबून आकडा थांबवन. कोनतंबी बटन.

उन्हाळ्यात जुना कॉम्प्युटर मेला. तोलाचा प्रोग्राम डॉस या जुन्या सिस्टीमचा, नव्या कॉम्प्युटरवर लिनक्स. आमचे अध्यक्ष हेमराजभाऊ एका कंपनीवाल्याले घेऊन आले. त्याच्या प्रोग्राममधी काटाच आकडा ठरवते, बटनाची भानगडच नाई.

“बोटाची गरजच काय?” हेमराजभाऊ म्हनले.

“काऊन? बोटं झडली का आमची?” मी म्हनलं. “जुनाच प्रोग्राम नव्यावर चालवून दाखवते.”

“बुधवारच्या तोलाईपर्यंत दाखव. नाई तं मी याले होकार देतो.”

बसली मंग मी. जुना प्रोग्राम काटा वाचता वाचता कीबोर्डाले विचारे, कोनी दाबलं का? नाई म्हनलं का पुढं वाची. लिनक्स मोठा साहेब! बटन दाबलं तरी आपल्याजवळ धरून बसते, एंटर मारल्याबिगर प्रोग्रामले सांगतच नाई. तोवर आकडा गोठलेला. मी लिनक्सचं हे धरून बसनं बंद केलं, अन् प्रोग्रामले वाट न पाहता विचाराले शिकवलं. जमलं तेवा खुर्चीतच टाळी वाजवली, लाज नाई वाटली.

बुधवारी पयली टोपली कुंताबाईची. बाईनं बटन दाबलं, आकडा थांबला. सारे खूष. मंग लटारूभाऊनं टोपली ठेवली, तं बटनाले हात लागाच्या आधीच आकडा शून्यावर थांबला. पुन्हा ठेवली, पुन्हा शून्य.

“माह्या मासोळ्याइले वजनच नाई का वो?” लटारूभाऊ म्हनला, अन् शेडभर हसू झालं. कंपनीवाला आपली बॅग उघडाले लागला. माह्या अंगाची नुसती आग झाली.

“बाई, तू बटन किती वेळ दाबून होती?” मी विचारलं.

“टोपली उतरेपर्यंत,” कुंताबाई म्हनली. “बोट उचललं तं व्यापारी म्हनन, पुन्हा तोला. मी नाई उचलत बावा.”

असं आहे तं! बाईचं बोट एक, पन धरून ठेवल्यानं मशीनले वाटलं बटन शंभरदा दाबलं. ते उरलेलं दाबनं लटारूभाऊचा आकडा चढाच्या आधीच थांबवून राह्यलं होतं.

“मंग बाईले सांग ना,” हेमराजभाऊ करवादले, “टिचकी माराची अन् बोट उचलाचं.”

“नाई सांगनार!” माहा आवाज चढला. “मार खाऊन शिकली बाई ते. मी प्रोग्राम बदलीन, बाई नाई बदलनार. दोन ओळीचं काम आहे, उभे राहा.”

“मासोळ्या मरून राह्यल्या, रुपाली!”

“पानी शिंपडा मंग!”

सगळ्याइच्या डोळ्यासमोर लिहिलं. टोपली उतरली का साचलेलं दाबनं फेकून द्याचं, मंगच पुढचा तोल.

कुंताबाईनं आपली टोपली पुन्हा चढवली. बटन दाबलं अन् दाबूनच ठेवलं, कंपनीवाल्याकडं टक लावून. टोपली उतरली तेवा बोट उचललं. मंग लटारूभाऊची टोपली. आकडा नाचला, नाचतच राह्यला. व्यापाऱ्यानं हात सोडला, लटारूभाऊनं बोट टेकवलं, अन् आकडा तिथंच थांबला.

कंपनीवाल्यानं बॅगची चेन लावली.

“झालं ना गा,” हेमराजभाऊ म्हनले. “उचल आता बोट.”

“आधी टोपली उतरू दे,” लटारूभाऊ म्हनला.