भूमिपूजनाला निघालेलं विमान

चिकलठाण्याची धावपट्टी तीस किलोमीटरवर राहिली आणि डाव्या इंजिनाला आग लागल्याचा लाल दिवा पेटला. कॅप्टन विशाखा साळवेनं इंजिन बंद केलं. दिवा विझला.

"एक फेरी मारू, यादी पुरी करू, मग उतरू," ती म्हणाली. शेजारच्या सत्यमनं आणीबाणीची यादी काढली आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचू लागला.

भाड्याचं आठ आसनी विमान ते. वैमानिकांच्या मागं दार नव्हतं, नुसता पडदा होता. तो सारून बद्रीनाथशेठ आत वाकले. वेरूळजवळ त्यांच्या हॉटेलाचं भूमिपूजन होतं.

"तो पंखा काहून थांबला?"

"जागेवर बसा. पट्टा लावा."

"अकरा चाळीसचा मुहूर्त हाय माझा. फेरीबिरी नाय, सरळ उतरवा."

सत्यम अडखळला, तीच ओळ पुन्हा वाचू लागला. शेठनं फोन दोघांच्या मधे धरला, चित्रण करायला. विमानात चढतानाच त्यांनी विशाखाचं आडनाव, गाव, सगळं विचारून घेतलं होतं.

"बजाजनगरची साळवे! कोट्यातून आलेल्यांच्या हाती जीव दिला आमचा."

विशाखाची कानशिलं तापली. ती गर्रकन वळली. "लायसन दाखवू का? चला, मागं व्हा!"

शेठ पुटपुटत मागं गेले. पण यादी कुठवर आली होती ते दोघांच्याही ध्यानातून गेलं. सत्यमनं एक ओळ सोडून पुढची वाचली.

फेरी संपली, धावपट्टी समोर आली, आणि कर्कश भोंगा वाजला.

"चाकं!" सत्यम ओरडला.

तिनं चाकांचा दांडा खाली दाबला. इतक्या खालून एका इंजिनावर परत वर उठणं महाकठीण. तिसरा हिरवा दिवा लागला न लागला तोच चाकं टेकली.

उतरताना शेठ म्हणाले, "तुला घरी बसवतो बघ."

"बसवा. मीबी अहवालात लिहिते."

तासाभरात विमान कंपनीच्या मालकाचा फोन आला. अहवालात शेठचं नाव नको, चाकांचंही नको, म्हणजे मिटलं. विशाखानं ऐकून फोन ठेवला, शेठचं सगळं लिहिलं आणि खाली लिहिलं : प्रवाशाशी भांडण्यात चाकं उतरवायची राहिली. चूक माझी.

"मॅडम, स्वतःचं कशाला?" सत्यम म्हणाला.

"ते गाळलं तर शेठबद्दल लिहिलेलं कोण खरं मानंल?"

चौकशी होईस्तोवर दोघांचंही उड्डाण बंद झालं. बद्रीनाथशेठला कंपनीनं पुढच्याच आठवड्यात दुसरं विमान दिलं.