उसनी जागा

माझ्या पणजोबांनी झऱ्याचा काठ मागून घेतला, आजोबांनी त्याला भिंत घातली आणि वडिलांनी भिंतीच्या आत भाड्याच्या चार खोल्या बांधल्या. त्यांच्यामागून मी. खोल्या कुलूपबंद होत्या. पण त्या माझ्या नावावर होत्या आणि काठही.

पणजोबा वीटभट्टीवाले. ते येथे आले तेव्हा लव्हाळे विणणाऱ्यांची आठ घरे झऱ्याकाठी पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. लव्हाळे भिजवायचे, चटया विणायच्या, एवढाच त्यांचा व्याप. पणजोबांनी चिखल तुडवण्यासाठी काठ एका हंगामापुरता मागितला आणि त्यांनी तो दिला. हंगाम संपला, भट्टी काही विझली नाही. विटांची घरे झाली, घरांमागून ट्रंकांचा कारखाना आला, कारखाना पाडून इमारती उभ्या राहिल्या, आणि ती आठ घरे सरकत सरकत गल्लीच्या टोकाला गेली. शेवटी त्यांच्यातली चटईवाली गॅलरीतल्या पिंपात लव्हाळे भिजवू लागली आणि खालचे बिऱ्हाड वासाच्या नावाने बोटे मोडू लागले.

या काठासाठी माझ्या थोरल्याने गिऱ्हाईक आणले होते. तेथे वाहनतळ व्हायचा होता आणि सोमवारी माझी सही ठरली होती. त्याच्या चारच दिवस आधी वस्तीचा इतिहास लिहिणारे निवृत्त मास्तर जुना उतारा घेऊन माझ्याकडे आले.

"आजी, इथं पूर्वी ऊस पिकायचा म्हणायचा. कागदात लिहिलंय, 'उसाची जागा'."

मी चष्मा लावला. "या मातीत ऊस? मास्तर, शाळेत भूगोल तुम्हीच शिकवायचात ना?"

"मग हे काय?"

"माझी आजी म्हणायची, 'उसनी जागा'. कारकुनानं ऊस ऐकला, ऊस लिहिला. आजोबांना चांगलं वाचता येत होतं. तरी ते गप्प बसले."

मीही साठ वर्षे गप्पच बसले होते. ते मात्र मी मास्तरांना सांगितले नाही. थोरल्याला तेवढे बोलावून घेतले.

"आई, कागदावर जागा आपली आहे," तो म्हणाला.

"कागदावर ऊसही आहे. एक कांडं आणून दाखव."

"बरं, अर्धी देऊ. खोल्या तरी आजोबांच्या पैशांच्या आहेत."

"शेजारून वाटीभर साखर आणलीस, तर अर्धी वाटी परत नेशील? मी तुला असं वाढवलेलं नाही."

धाकटी सून हसू दाबत स्वयंपाकघरात गेली. थोरला दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. दोन्ही दिवस मी त्याला वेळेवर जेवायला वाढले आणि गवंड्याला बोलावून भिंत उतरवायला लावली.

सोमवारी मी सही केली, ती नोंदणी कार्यालयात. काठ आणि चारही खोल्या आठ घरांच्या नावे.

"म्हणजे बक्षीसपत्र," कारकून म्हणाला.

"बक्षीस आपल्या मालकीचं देतात. लिहा, उसनी जागा परत."

"आजी, तसा रकाना नाही हो."

"मग मजकुरात लिहा. आणि 'नी' नीट काढा. एकदा घोटाळा झालाय."

त्याने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. 'उसनी जागा परत' हे शब्द लिहिले गेले.

चटईवालीने कागद तीनदा वाचला आणि घडी करून पिशवीत ठेवला. तिने आभार मानले नाहीत. मानायचे कारणही नव्हते. आम्ही दोघी झऱ्यावर आलो. ती खाली बसली आणि तिने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.

"भारे उद्यापासून टाकते," ती म्हणाली. "या कुंड्या कुणाच्या?"

"माझ्या."

"उचला मग. वाट अडते."

या गल्लीत मला 'उचला' म्हणणारे माणूस आजवर जन्मले नव्हते. मी पदर खोचला आणि पहिली कुंडी उचलली.