वजा तीन फूट

इनायतनं खुरप्याच्या पात्यानं तलावातल्या खांबावरच्या मोजपट्टीचं शेवाळ खरवडलं, तसं ते बोटांना चिकटलं. तो कमरेइतक्या पाण्यात उभा होता. पाण्यावर हिरवी साय धरली होती, तिच्यात एक फुगलेली कोंबडी आणि कुणाच्या तरी लेकराची निळी चप्पल अडकली होती. खालच्या गल्लीतल्या आठ घरांचे संडास दीड महिन्यापासून याच पाण्यात बुडालेले, तेव्हा वास कशाचा हे विचारायची गरज नव्हती. तोंडानं श्वास घेत त्यानं पट्टीवरचा आकडा वाचला. एकशे तीन फूट. मग डाव्या हाताची तीन बोटं एकेक करून मिटली, काठावर येऊन हात पुसले आणि रजिस्टरात लिहिलं, शंभर.

ही तीन बोटं त्याला अब्बांनी शिकवली होती. तलाव निजामाच्या काळातला आणि पट्टीही तेव्हाचीच. त्या वेळच्या मोजणीवाल्यांनी उंची मोजायचं शून्य आपल्या राज्यापुरतं धरलं होतं. दर्ग्याच्या पायरीत बाण कोरलेला एक दगड आहे, त्यावरून त्यांनी पट्टीचे आकडे टाकले. पुढं समुद्राच्या पातळीवरून सगळ्या देशाला एकच शून्य मिळालं आणि इथला जुना प्रत्येक आकडा तीन फुटांनी जास्त ठरला. पट्टी बदलायला मात्र कुणालाच सवड झाली नाही. एका साहेबानं जाता जाता अब्बांना सांगितलं, तीन वजा करून लिहीत जा. अब्बांनी ते शब्द गाठीला बांधले आणि नोकरीबरोबर पोराच्या हवाली केले. साहेबलोक येतात नि जातात, त्यांना यातलं काही कळत नाही, तलावाचं खरं पाणी आपल्यालाच ठाऊक, असं अब्बा म्हणायचे. इनायतही तीस वर्षं हेच म्हणत आला होता.

पाय धुवायला तो रोजच्यासारखा खुर्शीदबीच्या दारी गेला. खुर्शीदबी त्याची थोरली बहीण. तिचं घर गल्लीत सगळ्यात खाली. पट्टी वाचून आलेल्या भावासाठी ती दाराशी दगडावर स्वच्छ पाण्याचा तांब्या ठेवायची. हा नेम अब्बांपासूनचा. आता तो दगडही पाण्याखाली गेला होता, म्हणून तांब्या वरच्या पायरीवर आला होता. आत जमीन पायरीहून खोल, तिथं घोटाभर पाणी. भिंतीवर गोगलगायी चढलेल्या, पिठाच्या डब्याला काळी बुरशी. रात्री ती शेजारच्या माडीवर झोपायची आणि दिवसभर घमेल्यानं घरातलं पाणी बाहेर फेकायची. ते संध्याकाळपर्यंत परत आत यायचं. तिनं अंथरुणाचं एक कुजकं टोक चिमटीत धरून वर उचललं. त्यातून अळ्या गळल्या.

"इनायत, येबी लिख तेरे रजिस्टर में," ती म्हणाली.

त्यानं तोंड फिरवलं आणि तालुक्याच्या ऑफिसला एक सणसणीत शिवी दिली. बहिणीनंही आपली एक जोडली. दीड महिन्यात दोघांचं हे रोजचं झालं होतं.

शिवी देण्यासारखंच ऑफिसनं केलं होतं. जादा पाणी वाहून जायला तलावाला दगडी सांडवा आहे. गेल्या उन्हाळ्यात मजूर आले आणि त्यांनी त्या सांडव्यावर तीन फुटांची सिमेंटची भिंत चढवली. इनायतनं विचारलं, तर मुकादम म्हणाला की सांडवा खचलाय, असं कागदात आहे. सांडवा खचला आणि रोज त्याच्यावरून चालणाऱ्या इनायतला पत्ता नाही! तो हसला होता. श्रावणात तलाव भरला, नव्या भिंतीला टेकला आणि गल्लीत शिरला. वर ऑफिसनं आठही घरांना नोटिसा धाडल्या. तलाव मंजूर पातळीइतकाच भरलेला असून तुमची घरं त्याच्या पोटात आहेत, अतिक्रमण आहे, पंधरा दिवसांत खाली करा. चोर तो चोर आणि वर शिरजोर. नोटिशीतले दहा दिवस सरले होते. गल्लीनं अर्ज केला, म्हणून आज ऑफिसातल्या नव्या मॅडम पाहणीला यायच्या होत्या. इनायतनं तीस वर्षांची रजिस्टरं पोत्यात भरून आणली होती. यांना यांच्याच कागदात बुडवतो, असं तो गल्लीभर सांगून बसला होता.

अकरा वाजता जीप आली. पद्मजा मॅडम उतरल्या, पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि आठही घरांतून फिरून आल्या. खुर्शीदबीच्या घरात त्या जरा जास्त थांबल्या. त्यांच्याबरोबरचा कारकून प्रमोद मात्र कोरड्या उंचवट्यावर रुमालानं नाक दाबून उभा राहिला. पंधरा वर्षं या तलावाचे आकडे लिहिणाऱ्या या माणसानं तलाव आज पहिल्यांदा पाहिला, आणि पाहिला तोही रुमालाआडून. इनायतला त्याच्या त्या पांढऱ्या रुमालाची शिसारी आली.

मॅडम काठावरच्या दगडावर बसल्या. इनायतनं रजिस्टर उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. सांडवा वाहिला त्या प्रत्येक सालाला त्यानं चिठ्ठी लावली होती. तुमच्या कागदात तलावाची भरती, म्हणजे तो पुरता भरल्याची पातळी, किती, त्यानं विचारलं. सत्त्याण्णव, मॅडम म्हणाल्या.

"मंग बघा. दर खेपेला सत्त्याण्णवलाच सांडवा वाहिला. बराबर भरत होता तलाव. भिंत काहून घातली?"

मॅडमनी चिठ्ठ्या उलटत पानं पाहिली आणि प्रमोदकडं मान वळवली. प्रमोदनं नाइलाजानं रुमाल खिशात घातला आणि आपलं रजिस्टर काढलं. त्याच तारखा होत्या. चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव.

"चौऱ्याण्णव कुठून आणलं?" इनायतचा आवाज चढला. "मी सत्त्याण्णव लिवून धाडलं."

"तुमचं सत्त्याण्णव बराबर हाय चाचा," प्रमोद म्हणाला. "पण पट्टी निजामाच्या टायमाची. आमी त्यातून तीन वजा करून चढवतो. तसा आदेशच हाय."

मॅडमनी इनायतला समजावून सांगितलं. भरती सत्त्याण्णवला आणि सांडवा चौऱ्याण्णवलाच वाहतो, म्हणजे सांडवा तीन फूट खचला, असा अर्थ ऑफिसनं लावला आणि तेवढीच भिंत वर बांधली. त्या समजावत होत्या आणि इनायत आपल्या डाव्या हाताकडं बघत होता. हाताची तीन बोटं आपोआप मिटली होती.

प्रमोदनं आदेशाची प्रतही पुढं केली. पंधरा वर्षांपूर्वीची. जुन्या पट्टीतले तीन फूट यापुढं ऑफिस वजा करील, मोजणाऱ्यानं पट्टीवर दिसेल तोच आकडा लिहावा. खाली 'वाचलं, मिळालं' आणि सही. सही त्याचीच होती. कागद आला तो दिवस इनायतला लख्ख आठवला. हे उंटावरचे शहाणे काय वजा करणार, विसरले तर गावानं कुणाच्या नावानं रडायचं, असं म्हणून त्यानं सही ठोकली होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन बोटं मिटली होती. तो कुणाशी काही बोलला नव्हता. रजिस्टरातल्या रकान्यावर तर ठळक छापलेलं होतं, पट्टीवरचा आकडा. त्या रकान्यात पट्टीवरचा आकडा त्यानं एकदाही लिहिला नव्हता.

 त्यानं मान वर केली. गल्लीतली माणसं दारादारांत पाण्यात उभी होती. वरच्या पायरीवर खुर्शीदबी घमेलं कमरेला लावून बघत होती. पाणी मोजावं ते इनायतच्या घराण्यानं, असं या गल्लीत लेकरंसुद्धा म्हणायची.

मॅडम आदेशाचा कागद दुमडत होत्या. त्यांना अजून उमगलं नव्हतं, आणि प्रमोदला उमगण्यात रस नव्हता.

"चाचा, एवढं एकच सांगा," त्या म्हणाल्या. "पट्टीवर दिसतं तेच तुम्ही लिहिता ना?"

हो म्हणायला एक मान हलवणं पुरेसं होतं. ऑफिसचं ऑफिसवर राहिलं असतं, अब्बांचं नाव राहिलं असतं, आणि पाच दिवसांनी गल्ली उठली असती. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, हे तर तो तीस वर्षं करतच आला होता.

त्यानं खुरपं उचललं आणि पाण्यात उतरला. सकाळचं लिवलेलं हाय की चाचा, असं प्रमोद मागून म्हणाला. इनायत थांबला नाही. साय बाजूला सारत तो खांबापाशी पोचला, पट्टी पुन्हा एकदा घासली आणि आकडा बोटानं चाचपला. डावा हात सवयीनं मिटायला लागला, तसं त्यानं खुरपं त्याच हातात घट्ट धरलं.

"एकशे तीन," तो ओरडून म्हणाला.

प्रमोदनं रजिस्टरात पाहिलं. "इथं शंभर हाय."

"शंभर मी लिवलं. पट्टीवर न्हाई ते. अब्बाच्या टायमापासून आमी तीन कापूनच लिवतो. तुमीबी कापता, हे ठावं..." तो अडखळला. "ठावं होतं. कागद आला होता. वाचला होता मी."

मॅडमनी पेन्सिलीनं रजिस्टराच्या कडेला दोन आकडे मांडले, त्यांच्याकडं बघत राहिल्या आणि मग सांडव्यावरच्या नव्या भिंतीकडं मान वळवली.

"तीन फूट दोनदा कापले गेले. सांडवा खचलाच नव्हता," त्या हळूच म्हणाल्या. "घरंही तलावाच्या पोटात नव्हती."

मग त्यांनी प्रमोदला तिथंच उभ्या उभ्या लिहायला लावलं. नोटिसा मागं घ्यायच्या, भिंत या आठवड्यात फोडायची. प्रमोदचा हात लिहिताना अडला, तेव्हा त्यांनी त्याला विचारलं की पंधरा वर्षांत एकदा इथं येऊन पट्टी बघावी असं तुम्हाला कधी वाटलं नाही का. तो खाली मान घालून पुढं लिहायला लागला. इनायत बाहेर आला, तसं मॅडमनी त्याचं रजिस्टर त्याच्यापुढं धरलं. त्यानं शंभर खोडून एकशे तीन लिहिलं आणि खाली सही केली. अंगठ्याचा हिरवा ठसा सहीशेजारी उमटला.

जीप गेली. माणसं आपापल्या घरात शिरली. कुणी त्याला हाक मारली नाही आणि कुणी शिवीही दिली नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तो पाणी तुडवत खुर्शीदबीच्या दारी गेला आणि पायरीच्या खाली उभा राहिला. पिंढऱ्या शेवाळानं लडबडल्या होत्या. वर तांब्या भरून ठेवलेला होता, तळाचं तांबं दिसावं इतकं स्वच्छ पाणी.

खुर्शीदबीनं हातातलं घमेलं खाली ठेवलं. तिनं त्याच्या पायांकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"डेढ महिना," ती म्हणाली.

तिनं तांब्या उचलला आणि आत नेला. इनायत तसाच चिकट पायांनी पाण्यात उभा राहिला.